दोन मिथॉक्सी, काढायचा एकच: एका डिमिथायलेशनची पूर्ण कहाणी

गेल्या पावसाळ्यातलं प्रकरण आहे. अंबरनाथच्या बाजूला आमची छोटीशी कस्टम सिंथेसिसची लॅब, चार फ्यूमहूड, दोन रोटा (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र), एक कायम रुसलेला व्हॅक्यूम पंप. एका कस्टमरकडून काम आलं. मॉलिक्युल सांगता येत नाही, सही केलेली आहे, पण पॅटर्न सांगायला हरकत नाही: एक बेंझिन रिंग, तिच्यावर किटोन, किटोनच्या अगदी शेजारी म्हणजे ऑर्थोला एक मिथॉक्सी (रिंगला ऑक्सिजन, ऑक्सिजनला मिथाइल), समोर पॅराला दुसरा मिथॉक्सी. मॉलिक्युलच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक रिंग, तिच्यावर तिसरा मिथॉक्सी, आणि शेपटीला मॉर्फोलिन, म्हणजे नायट्रोजन असलेली एक छोटी रिंग. काम काय, तर शेजारच्या मिथॉक्सीचा मिथाइल तेवढा उडवून तिथे ओएच करायचा, म्हणजेच डिमिथायलेशन. बाकीच्या दोघांना हात लावायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं. माल होता ६ ग्रॅम, तोसुद्धा सात स्टेप करून आलेला, म्हणजे चूक करायला जागाच नाही. म्हणून ठरवलं की आधी मॉडेलवर हात साफ करू. स्टोअरमध्ये २,४-डायमिथॉक्सीबेंझाल्डिहाइडची १०० ग्रॅमची बाटली पडून होती, पॅटर्न तोच, किटोनऐवजी आल्डिहाइड. त्यातला ऑर्थोवाला मिथाइल काढला की २-हायड्रॉक्सी-४-मिथॉक्सीबेंझाल्डिहाइड मिळतो. हा व्हॅनिलिनचा सख्खा आयसोमर, रेणुभार तोच १५२, फक्त ओएच आणि मिथॉक्सीच्या जागा वेगळ्या.

इथे कोणीतरी विचारणारच की अरे, हा आल्डिहाइड तर २,४-डायहायड्रॉक्सीपासून थेट करता येतो, ऑर्थोचा ओएच कार्बोनिलशी (आल्डिहाइड-किटोनमधला सी=ओ) हायड्रोजन बाँड करून बसलेला असतो म्हणून मिथायलेशन पॅराला आधी होतं, मग आधी दोन लावून एक काढायचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? बरोबर आहे. हा आल्डिहाइडच विकायचा असता तर मीही तसंच केलं असतं. पण आम्हाला आल्डिहाइड नको होता, आम्हाला रीत हवी होती, आणि खऱ्या मॉलिक्युलमध्ये मधल्या एका स्टेपला ब्युटिल लिथियम आहे, तिथे मोकळा ओएच ठेवून चालत नाही. म्हणून सगळे मिथाइल घालून आणायचं आणि शेवटी नेमका एक काढायचा.

आता थोडी थिअरी, कारण पुढचा सगळा घोळ समजायला ती लागते. बारावीला ॲनिसोल आणि एचआयची रिॲक्शन सगळ्यांनी पाठ केलेली असते, फिनॉल आणि मिथाइल आयोडाइड मिळतो, आयोडोबेंझिन मिळत नाही. बाँड तुटतो तो ऑक्सिजन आणि मिथाइलच्या मधला. रिंगच्या बाजूचा बाँड तुटत नाही कारण रिंगच्या कार्बनवर मागून हल्ला करताच येत नाही. म्हणजे कुठलाही रीएजंट घ्या, दोन कामं व्हावी लागतात: कोणीतरी ऑक्सिजनला धरून त्याला ढिला करायचा, आणि कोणीतरी मिथाइलला उचलून न्यायचं. झाइझेलने १८८५ मध्ये याच गोष्टीवर मिथॉक्सी मोजायची पद्धत काढली, एचआयमध्ये उकळायचं, सुटलेला मिथाइल आयोडाइड सिल्व्हर आयोडाइड करून मोजायचा. तिथे सगळे मिथॉक्सी तुटले पाहिजेत हीच अपेक्षा. आमची अपेक्षा बरोब्बर उलटी.

मग पर्याय काय काय होते? ४८ टक्के एचबीआरमध्ये रिफ्लक्स, किंवा पिरिडिन हायड्रोक्लोराइड १८०-२०० अंशाला वितळवून त्यात शिजवणं. हे दोन्ही म्हणजे बुलडोझर. इलेक्ट्रॉन-रिच आल्डिहाइड त्यात टाकला तर डांबर मिळेल, बाटलीत भरून रस्ता करा. दुसरा पर्याय थायोलेटचा, सोडियम इथेनथायोलेट डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये गरम करायचा, फ्युट्रिल आणि मिरिंग्टनने १९७० मध्ये दिलेली रीत. ती चांगली आहे, ॲसिड नको असेल तिथे तर उत्तमच. पण ती चालते वेगळ्या तत्त्वावर, सल्फर थेट मिथाइल उचलतो आणि मागे फिनॉक्साइड (फिनॉलचा ऋण आयन) उरतो, म्हणजे जो फिनॉक्साइड जास्त सुखात राहणार तो मिथाइल आधी जाणार. आमच्या केसमध्ये ऑर्थो आणि पॅरा दोघांनाही कार्बोनिलचा आधार आहे, पॅरावाल्याला तर कदाचित जास्तच. तिथे आमचा हवा तो मिथाइल आधी जाईल याची खात्री नाही. शिवाय इथेनथायॉल म्हणजे तोच जो एलपीजीमध्ये वासासाठी घालतात. एकदा कोणीतरी हूड नीट न लावता ती बाटली उघडली होती, तेव्हा शेजारच्या युनिटमधून माणूस धावत आला होता, तुमच्याकडे गॅस लीक झालाय म्हणून. तेव्हापासून ती बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली आहे.

राहिले ल्युइस ॲसिड, म्हणजे ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीला धरणारे. बोरॉन ट्रायब्रोमाइड (बीबीआर३), बोरॉन ट्रायक्लोराइड (बीसीएल३), ॲल्युमिनियम क्लोराइड.

पहिली चूक माझी, ती आधी सांगून टाकतो. मी सवयीने बीबीआर३ घ्यायला लावला. फिनॉलवरचा मिथाइल काढायचा म्हटलं की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो, बेंटन आणि डिलनने १९४२ मध्ये ईथर तोडायला वापरला तेव्हापासून आणि मकोमीच्या साठच्या दशकातल्या कामानंतर तर तो सगळ्यांच्याच अंगवळणी पडलाय. ५ ग्रॅम आल्डिहाइड, कोरडा डीसीएम (डायक्लोरोमिथेन), ड्राय आइस-ॲसिटोनचा बाथ, उणे ७८ अंश, १ मोलरचं सोल्यूशन ३३ एमएल म्हणजे १.१ इक्विव्हॅलंट (आल्डिहाइडच्या एका मोलला १.१ मोल). जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, हवेत इतका दमटपणा की सिरिंज बाटलीतून बाहेर काढली की सुईच्या टोकातून पांढरा धूर, आणि दोनदा सुई बोरिक ॲसिडने चोंदली. ॲडिशन झालं, बाथ तसाच ठेवून ओव्हरनाइट सोडला, ड्राय आइस रात्रीत संपला, रिॲक्शन मास आपसूक रूम टेंपरेचरला आला. सकाळी फ्लास्कमध्ये काळपट लाल काढा.

सिलिकाचा कॉलम करून घटक वेगळे केले. हवा तो १.९ ग्रॅम, म्हणजे ४१ टक्के. न तुटलेला स्टार्टिंग मटेरियल ०.८ ग्रॅम. दोन्ही मिथाइल गेलेला डायहायड्रॉक्सी १ ग्रॅम. बाकी सिलिकाच्या वरच्या टोकाला चिकटून बसलेलं तपकिरी काहीतरी.

हा आकडा बघून ज्युनिअर म्हणाला, सर, स्टार्टिंगही शिल्लक आहे आणि दोन्ही गेलेलाही आहे, असं कसं? प्रश्न चांगला होता. बीबीआर३ मध्ये ब्रोमिन तीन आहेत. एक मिथाइल नेल्यावर तो बोरॉन थकत नाही, उरलेल्या दोन ब्रोमिनसकट दुसरा ईथर शोधायला निघतो, आणि रूम टेंपरेचरला त्याला पॅरावालाही चालतो. काही रेणूंचे दोन्ही मिथाइल तोडले जातात तेवढ्यात काहींचा एकही नाही. पण खरं सांगायचं तर यात बीबीआर३ ला बदनाम करण्यात अर्थ नाही. उणे ७८ ला थोडा वेळ ठेवून थंडच क्वेंच केला असता, म्हणजे उरलेला रीएजंट मारून रिॲक्शन थांबवली असती, तर निकाल बराच बरा आला असता, ओव्हरनाइट सोडणं हा आमचा आळस. तरीही ६ ग्रॅमच्या मालावर असा रीएजंट नको ज्याच्यावर रात्रभर पहारा ठेवावा लागतो.

म्हणून बीसीएल३. डीन आणि मंडळींनी १९६६ मध्ये हा निवडक डिमिथायलेशनसाठी पुढे आणला. बीबीआर३ पेक्षा मवाळ, आणि हाच त्याचा गुण. साध्या ॲनिसोलसारख्या ईथरला थंडीत तो फारसं काही करत नाही. पण कार्बोनिलच्या शेजारी मिथॉक्सी असेल तर बोरॉन एका हाताने कार्बोनिलचा ऑक्सिजन धरतो आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या मिथॉक्सीचा, सहा जणांची रिंग तयार होते, आणि त्या रिंगमध्ये अडकलेल्या ऑक्सिजनवरचा मिथाइल इतका उघडा पडतो की क्लोराइड त्याला सहज उचलून नेतो. मिथाइल क्लोराइड उणे २४ अंशाला उकळणारा, म्हणजे वायूच, निघून जातो. मागे बोरॉन त्या दोन ऑक्सिजनमध्ये बसलेला राहतो, पाण्यात टाकेपर्यंत. पॅराच्या मिथॉक्सीपर्यंत कार्बोनिलचा हात पोचत नाही, त्यामुळे तो वाचतो.

बीसीएल३ स्वतः साडेबारा अंशाला उकळतो, त्यामुळे तो सोल्यूशनमध्येच घ्यायचा, आणि बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरायची.

आता प्रकरणाचा गाभा. ही बॅच ज्युनिअरने लावली, मी त्या दिवशी कल्याणला आरटीओत होतो. ५ ग्रॅम, शून्य अंश, १.१ इक्विव्हॅलंट, मग रूम टेंपरेचर. दोन तासांनी त्याने रिॲक्शन मास थेट कॅपिलरीने उचलून टीएलसीवर, म्हणजे सिलिकाच्या पातळ प्लेटवर ठेवला, हेक्झेन-इथाइल ॲसिटेट आठास दोन. प्लेटवर काय दिसलं: स्टार्टिंगच्या लाइनीत एक फिकट स्पॉट, त्याच्या बराच वर एक मोठा ठसठशीत स्पॉट, आणि बेसलाइनवर एक ओघळ. त्याने हिशोब केला की आपल्याला फिनॉल करायचाय, फिनॉल म्हणजे पोलर, पोलर म्हणजे खाली. वरचा स्पॉट ही नॉनपोलर इंप्युरिटी, आणि बेसलाइनवरचा ओघळ हा प्रॉडक्ट, अजून कमी आहे. म्हणून त्याने आणखी एक इक्विव्हॅलंट बीसीएल३ घातला आणि ४० अंशाला रिफ्लक्सवर ओव्हरनाइट ठेवला. सकाळी वरचा स्पॉट बारीक झालेला, खालचा वाढलेला. पोरगं खूश. मला मेसेज, सर प्रॉडक्ट वाढतोय.

मी मेसेज बघून त्याला शाबासकीचा अंगठासुद्धा पाठवला. हे लिहायला बरं वाटत नाही पण पाठवला.

दुपारी लॅबला पोचलो तर त्याने कॉलम अर्धा चालवलेला, वरच्या स्पॉटच्या टेस्ट ट्यूब "इंप्युरिटी" लिहिलेल्या रॅकमध्ये, वेस्टमध्ये ओतायला तयार. काचसामान धुवायला आमच्याकडे मुरबाडकडच्या एक मावशी येतात. त्या रिकामे फ्लास्क घ्यायला हूडजवळ आल्या आणि थबकल्या. म्हणाल्या, "दादा, उपळसरीचा काढा उकळताय का काय?"

मला दोन सेकंद लागले. उपळसरी म्हणजे अनंतमूळ, हेमिडेस्मस इंडिकस. काष्ठौषधीच्या दुकानात ज्या मुळ्या मिळतात, घासल्या की गोडसर व्हॅनिलासारखा वास येतो, त्याच मुळ्यांचं दक्षिणेत नन्नारी सरबत करतात. आणि त्या वासाचा मुख्य रेणू कोणता? २-हायड्रॉक्सी-४-मिथॉक्सीबेंझाल्डिहाइड. आमचा प्रॉडक्ट. जो "इंप्युरिटी" लिहिलेल्या रॅकमध्ये उभा होता.

वास घेऊन रेणू ठरवायचा नसतो हे मीच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे लगेच दोन गोष्टी केल्या. त्या ट्यूबमधला एक थेंब फिल्टर पेपरवर, त्यावर फेरिक क्लोराइड. जांभळट लाल डाग, म्हणजे फिनॉल आहे. स्टार्टिंगच्या थेंबाला काहीच रंग नाही. आणि मग सॅम्पल एनएमआरला पाठवलं, रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे आहे ते त्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम आला: मिथॉक्सी एकच, ३.८५ पीपीएमवर. आल्डिहाइडचा प्रोटॉन ९.७ वर, स्टार्टिंगमध्ये तो १०.३ च्या आसपास असतो. आणि ११.५ वर एक सुईसारखा टोकदार सिंगलेट. ही ११.५ ची सुई म्हणजे सही-शिक्का. मोकळा पॅरा ओएच इतक्या लांब जाऊन इतका टोकदार बसत नाही, तो कार्बोनिलशी हायड्रोजन बाँडमध्ये बांधलेला असेल तेव्हाच बसतो. म्हणजे गेलेला मिथाइल ऑर्थोचाच.

टीएलसीचा उलगडाही यातच आहे. ओएच कार्बोनिलशी आतल्या आत बांधला गेला की सिलिकाला धरायला काही उरत नाही. रेणू बाहेरून बघायला तेलकट होतो, स्टार्टिंगपेक्षाही वर पळतो. ऑर्थो नायट्रोफिनॉल वाफेबरोबर येतो आणि पॅरा येत नाही, हे आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय, दोन मार्कांना. पण प्लेटसमोर उभं राहिल्यावर ते आठवत नाही. ज्युनिअरला मी रागावलो नाही, अंगठा मीच पाठवला होता.

आणि बेसलाइनचा ओघळ? त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या. एक तर थेट रिॲक्शन मास स्पॉट केल्यामुळे बोरॉन चिकटलेला प्रॉडक्ट तिथेच ओघळत होता. आणि रात्रभर उकळल्यावर तिथे खरोखरचा डायहायड्रॉक्सी जमा झाला होता. पहिल्या दिवशीचा ओघळ बोरॉनचा, दुसऱ्या दिवशीचा ओव्हररिॲक्शनचा, दिसायला दोन्ही सारखे. म्हणून "प्रॉडक्ट वाढतोय" असं वाटलं.

तेव्हापासून नियम केला: बोरॉनच्या कुठल्याही रिॲक्शनचा टीएलसी थेट करायचा नाही. दोन थेंब मास एका वायलमध्ये, त्यात अर्धा एमएल पाणी, अर्धा एमएल इथाइल ॲसिटेट, हलवायचं, दोन मिनिटं थांबायचं, वरचा थर स्पॉट करायचा. हाच आमचा मिनी वर्कअप. एवढ्याशा कामाचा कंटाळा करून आमचे दोन दिवस गेले.

बिघडलेल्या बॅचमधून जेवढा माल वाचवता येईल तेवढा स्टीम डिस्टिलेशनने वाचवला. ऑर्थोवाला वाफेबरोबर येतो, डायहायड्रॉक्सी पाण्याला आणि एकमेकांना धरून मागे बसतो. कंडेन्सरमधून दुधट पाणी यायला लागलं आणि सगळ्या लॅबभर वैद्याच्या दुकानाचा वास. स्टोअरवाले दादा येऊन विचारून गेले की आयुर्वेदिकचं काम घेतलंय का.

मग नीट बॅच. १० ग्रॅम आल्डिहाइड म्हणजे ६०.२ मिलिमोल, १०० एमएल कोरडा डीसीएम, नायट्रोजन, बर्फ-मिठाचा बाथ. बीसीएल३ चं १ मोलर सोल्यूशन ६६ एमएल, ड्रॉपिंग फनेलने ४० मिनिटांत. पहिल्या थेंबालाच पिवळा रंग येतो, अर्ध्यात गर्द केशरी. आउटलेट बंद ठेवायचा नाही, मिथाइल क्लोराइड आणि एचसीएल दोन्ही बाहेर यायला हवेत, पुढे कॉस्टिकचा स्क्रबर आणि मध्ये एक रिकामी बाटली, नाहीतर कॉस्टिक उलटं ओढलं जातं. एक तास शून्याला, तीन तास रूम टेंपरेचरला, दर तासाला मिनी वर्कअप करून प्लेट. तीन तासांनी स्टार्टिंग जेमतेम दिसेल न दिसेल इतका, तिथे थांबलो. शंभर टक्के संपायची वाट बघायची नाही, कारण शेवटच्या दोन टक्क्यांच्या मागे लागलं की पॅराचा मिथाइल जायला लागतो.

क्वेंच ठेचलेल्या बर्फावर. मिथेनॉलने क्वेंच करायची पुष्कळांना सवय असते, बोरॉन ट्रायमिथाइल बोरेट होऊन रोटावर उडून जातो, फार सोयीचं आहे. पण आल्डिहाइड, मिथेनॉल आणि वर सुटलेला एचसीएल, म्हणजे असिटाल (आल्डिहाइडवर दोन मिथॉक्सी बसलेला) होण्याचं निमंत्रणच. मग एनएमआरमध्ये अचानक सहा प्रोटॉनचा जास्तीचा मिथॉक्सी दिसतो आणि माणूस म्हणतो, अरे मिथाइल काढले होते ना, हे वाढले कसे! म्हणून आल्डिहाइडला पाणीच. बर्फावर ओतून अर्धा तास ढवळायचं, पाचच मिनिटं ढवळलं तर डीसीएमचा थर पिवळाधमक राहतो, तो बोरॉन अजून चिकटलेला असतो. रंग फिका झाला की थर वेगळा करायचा.

रोटावर बाथ ३५ च्या खाली. तेल मिळालं, काचकांडीने घासल्यावर गोठलं, वितळबिंदू ४०-४२. वजन ८.५ ग्रॅम. मग मी शहाणपणा केला आणि उरलेला सॉल्व्हंट जावा म्हणून रात्रभर हायव्हॅक पंपाला लावला. सकाळी ७.९. बाकीचे सहाशे मिलिग्रॅम कोल्ड ट्रॅपमध्ये, सॉल्व्हंटच्या थोड्याशा थेंबांबरोबर, पांढरे सुंदर क्रिस्टल होऊन बसलेले. जो पदार्थ वाफेबरोबर येतो तो पंपाबरोबर पण येणारच की. तरी ८६ टक्के, बीबीआर३ च्या ४१ पुढे मला चालेल.

ॲल्युमिनियम क्लोराइडपण एकदा करून पाहिला, अर्ध्या ग्रॅमवर. तोही तसाच कार्बोनिल आणि शेजारचा ऑक्सिजन धरतो, मिथाइल तोच जातो, बीसीएल३ पेक्षा स्वस्त. डीसीएममध्ये रिफ्लक्स करावा लागला, आणि वर्कअपला ॲल्युमिनियमचा असा जेलीसारखा गोळा की फनेलचा नळ बंद. किलोवर काम असतं तर मी त्यावर मेहनत घेतली असती. मॉर्फोलिनवाला ६ ग्रॅमचा माल त्या जेलीत बुडवायची हिंमत झाली नाही.

मग खरा मॉलिक्युल. २०० मिलिग्रॅम घेतले, मॉडेलची रीत जशीच्या तशी, १.१ इक्विव्हॅलंट. बीसीएल३ पडताच पांढरा सॉलिड, पिवळा रंग नाही. चार तास, मिनी वर्कअप, प्लेटवर फक्त स्टार्टिंग. आता मात्र ज्युनिअरनेच पकडलं. म्हणाला, सर, मॉर्फोलिनच्या नायट्रोजनने खाल्ला असेल. अगदी बरोबर. बोरॉनला कार्बोनिलच्या ऑक्सिजनपेक्षा टर्शरी अमाइन केव्हाही जास्त प्रिय, पहिला इक्विव्हॅलंट सरळ तिकडे गेला, किटोनच्या वाट्याला ०.१ उरला. मॉडेलमध्ये नायट्रोजन नव्हता आणि आम्ही मॉडेलच्या आकड्याला देव मानून बसलो होतो. दुसऱ्या टेस्टला २.३ इक्विव्हॅलंट: पांढरा सॉलिड झाला, त्यानंतर पिवळा, मग केशरी, सॉलिड विरघळत गेला, पाच तासांत रिॲक्शन पूर्ण.

उरलेले ५.६ ग्रॅम एकदम लावले. क्वेंच, थर वेगळे, डीसीएम रोटावर. फ्लास्क रिकामा. खरोखर रिकामा, तळाला एक पिवळी कड तेवढी. सात स्टेपचा माल. ज्युनिअरचा चेहरा मी विसरणार नाही, माझाही तसाच झाला असणार. मग लक्षात आलं की सुटलेल्या एचसीएलने मॉर्फोलिनचा हायड्रोक्लोराइड झालाय, पाण्यात पीएच १, माल सगळा पाण्याच्या थरात. आणि पाण्याचा थर कुठे? मावशींच्या सिंकजवळच्या बीकरमध्ये, झाकलेला. फेकलेला नव्हता, कारण आमच्याकडे रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुठलाही थर फेकायचा नाही हे मावशींनाही माहीत आहे, काही ज्युनिअरांपेक्षा चांगलं माहीत आहे.

बायकार्बोनेट थोडं थोडं घालत पीएच ८ पर्यंत आणला. त्याच्या वर जायचं नाही, फिनॉल आहे, जास्त बेस झाला की तो परत पाण्यात पळेल, हा दोन्हीकडून निसटणारा माल आहे. डीसीएमने तीनदा काढला. पिवळसर सॉलिड, ४.५ ग्रॅम. एनएमआरमध्ये मिथॉक्सी तीनाचे दोन झालेले, आणि १२.७ वर ती ओळखीची टोकदार सुई, किटोनच्या शेजारचा ओएच आल्डिहाइडपेक्षा आणखी पुढे जातो. लांबच्या रिंगवरचा मिथॉक्सी जसाच्या तसा, तिथे बोरॉनला दुसरा हात टेकवायला काही नव्हतंच.

माल पाठवला, रिपोर्ट गेला. आठवड्याने कस्टमरचा मेल: छान झालं, आता त्याच स्टार्टिंगवरून उलटा आयसोमर हवाय, पॅराचा मिथाइल काढा आणि ऑर्थोचा ठेवा, जमेल का?

बोरॉन इथे उपयोगाचा नाही, तो नेमका नको तोच काढणार. मी मेल दोनदा वाचला आणि ज्युनिअरकडे बघितलं. तो आधीच कपाटाच्या खालच्या खणातली तीन पिशव्यांत गुंडाळलेली बाटली शोधत होता. म्हणाला, "सर, शेजारच्या युनिटला आधीच सांगून ठेवू का?"